बोजादोर भूशिर आणि जिल इआनिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे पोर्तुगीजांची गोष्ट बहुतेक वास्को द गामापासून सुरू होते. फार तर त्याच्या आधी बार्तोलोमेउ दियाशचं नाव येतं. पण गामा कालिकतला उतरला १४९८ साली, आणि त्याच्या चौसष्ट वर्षं आधी पोर्तुगीज गलबतं आफ्रिकेच्या वाळवंटी किनाऱ्यावरच्या एका बुटक्या टोकापाशी अडून बसली होती. बारा वर्षं माणसं तिथवर जात होती आणि माघारी फिरत होती. त्या टोकाचं नाव बोजादोर, आणि शेवटी १४३४ मध्ये ते ओलांडणारा पोर्तुगीज म्हणजे जिल इआनिश. मी वसईत वाढलो, त्यामुळे पोर्तुगीज इतिहासाची ओढ लहानपणापासूनची. या विषयावर कुठेही बोललो की लोक काही प्रश्न हटकून विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बोजादोर नक्की कुठे आहे?

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, आजच्या पश्चिम सहारात. कॅनरी बेटांच्या दक्षिणेला साधारण दोनशे किलोमीटरवर. अक्षांश सव्वीस अंश उत्तर, म्हणजे जवळपास आपल्या जोधपूरच्या रेषेतच. पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या लागुश बंदरापासून सरळ रेषेत सुमारे तेराशे किलोमीटर. अरबीत या ठिकाणाला ‘अबू खतर’ म्हणतात, म्हणजे धोक्याचा बाप.

नाव ऐकून डोळ्यांपुढे उंच कडा आणि त्यावर आपटणाऱ्या लाटा येतात. प्रत्यक्षात तसं काहीच नाही. सखल, तांबूस वाळूचा किनारा, समुद्रात थोडंसं सरकलेलं टोक, आणि पाण्याखाली दूरवर पसरलेले उथळ खडक. धोका डोळ्यांना दिसत नाही, हाच तिथला मोठा धोका.

हेच का केप ऑफ गुड होप?

नाही. ते आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकाशी. बार्तोलोमेउ दियाश १४८८ मध्ये त्याला वळसा घालून गेला. बोजादोर त्याच्या कितीतरी उत्तरेला आहे आणि ते ओलांडलं गेलं चोपन्न वर्षं आधी.

खलाशी एवढे घाबरत कशाला होते?

या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर असं: पुढे समुद्र उकळतो, पाण्यात राक्षस आहेत, उन्हाने माणूस काळा ठिक्कर पडतो. अशा समजुती तेव्हा होत्याच. पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यात उष्णतेमुळे माणूस जगूच शकत नाही, ही कल्पना ग्रीकांच्या काळापासून चालत आलेली. अरब भूगोलकारही या महासागराला ‘अंधाराचा समुद्र’ म्हणत.

पण या मोहिमांची हकीगत लिहिणारा दरबारी बखरकार गोमिश इआनिश द झुरारा खलाशांच्या तोंडी जी कारणं घालतो ती वाचली की मी दर वेळी थबकतो. त्यांचं म्हणणं असं: त्या टोकापलीकडे माणसं नाहीत, वस्ती नाही. पाणी नाही, झाड नाही, हिरवं गवतसुद्धा नाही. समुद्र इतका उथळ की किनाऱ्यापासून एक लीग, म्हणजे पाचसहा किलोमीटर आत गेलं तरी जेमतेम एक वाव, म्हणजे सहाएक फूट खोली. आणि प्रवाह इतके जोरकस की एकदा टोक ओलांडलेलं गलबत परत येऊच शकणार नाही.

यात राक्षस कुठे आहेत? ही तर कुठल्याही कसलेल्या तांडेलाने मांडली असती अशी यादी आहे. गोडं पाणी मिळेल का, तळ किती खोल, प्रवाह कुठे नेईल, परतायचं कसं? झुराराच्या म्हणण्याप्रमाणे ते पुढे असंही म्हणत की जाणूनबुजून मरायला गेलो तर आपण आपल्या देहाचे आणि आत्म्याचेही मारेकरी ठरू. श्रद्धाळू माणसाच्या तोंडचं हे वाक्य आहे, पण त्यामागचा हिशोब पाण्याचा आणि वाऱ्याचा आहे.

मग ती भीती खरी होती की खोटी?

अर्धी खरी. आणि जी अर्धी खरी होती ती जाण्याची नव्हती, परतण्याची होती. बोजादोरची सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर फिरते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

त्या किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून वाहतो. जवळपास वर्षभर, आणि उन्हाळ्यात आणखी जोरात. समुद्राचा प्रवाहही त्याच दिशेने, किनाऱ्याला धरून नैर्ऋत्येकडे जातो. पोर्तुगालहून निघालेल्या गलबताला वारा पाठीशी आणि पाणीही पाठीशी. शीड उभारलं की बोट आपोआप दक्षिणेला सरकते. तेव्हाच्या चौकोनी शिडाच्या बोटींना वारा मागून असला की हायसं वाटे, पण वाऱ्याच्या तोंडावर चढत जाणं त्यांना जमत नसे. त्यामुळे जितके दिवस मजेत खाली आलात तितके दिवस परतीला वारा आणि प्रवाह दोन्ही अंगावर. त्यात पिण्याचं पाणी मोजकं, आणि किनाऱ्यावर उतरून पिंप भरून घ्यावं तर शेकडो किलोमीटर नुसतं वाळवंट.

उथळ पाण्याची भीतीही उगाच नव्हती. तिथे समुद्राच्या तळाचं गार पाणी वर येतं. त्यामुळे मासळी प्रचंड, पण धुकंही दाट. सहारातून उडणारी धूळ हवेत भरली की क्षितिज दिसेनासं होतं. लाटा दूरवरच्या खडकांवर फुटतात, सार्डिनच्या झुंडी वर आल्या की पाणी खळबळतं. लांबून पाहणाऱ्याला समुद्राला उकळी फुटल्यासारखं वाटलं असेल तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

आपल्या कोकणच्या समुद्रावर असं होत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो.

अरबी समुद्रात वारा ऋतूप्रमाणे दिशा बदलतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला किंवा अरबस्तानात गेलेलं जहाज तिथे थांबायचं, व्यापार करायचं आणि वारा फिरला की त्याच वाऱ्यावर घरी यायचं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून बोटी पाण्यात लोटणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. परतीचा वारा येणारच, फक्त वाट बघायची.

बोजादोरपाशी वाट बघून काही उपयोग नव्हता. तिथला वारा फिरत नाही. आपल्याकडचा अनुभवी नाखवा त्या किनाऱ्यावर नेऊन ठेवला असता तर तोही बुचकळ्यात पडला असता, कारण त्याच्या सगळ्या शहाणपणाचा पाया वारा फिरण्यावर. अटलांटिकच्या खलाशांना वेगळंच काही शोधून काढावं लागलं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

इआनिशच्या आधी कुणीच पलीकडे गेलं नव्हतं का?

प्रयत्न झाले होते. १२९१ मध्ये जिनोव्हाचे विवाल्दी बंधू दोन गलबतं घेऊन जिब्राल्टरबाहेर पडले. आफ्रिकेला वळसा घालून भारताला पोचायचं होतं त्यांना. ते परत आलेच नाहीत. १३४६ मध्ये मायोर्काचा जाउमे फेरेर ‘सोन्याच्या नदी’च्या शोधात निघाला. १३७५ च्या सुप्रसिद्ध कॅटलन नकाशात त्याची बोट काढलेली आहे, माणसाचा पुढे पत्ता नाही. बोजादोरचं नावही त्या नकाशात आहे. म्हणजे जागा ठाऊक होती.

त्याही खूप आधी, हिरोडोटसने लिहिल्याप्रमाणे, इजिप्तच्या नेको राजाने धाडलेल्या फिनिशियन खलाशांनी तांबड्या समुद्रातून निघून आफ्रिकेला पूर्ण वळसा घातला होता. ते खरं मानावं की नाही यावर विद्वानांत अजून वाद आहे.

आणि एक गोष्ट विसरता कामा नये. ‘पलीकडे कुणी नाही’ असं युरोपातले खलाशी म्हणत होते तेव्हा पलीकडे माणसं राहतच होती. उंट पाळणाऱ्या, मासे मारणाऱ्या सन्हाजा टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या त्या किनाऱ्यावर वावरत होत्या. त्यांच्या लेखी बोजादोर हा जगाचा शेवट नव्हता.

जिल इआनिश कोण होता?

लागुशचा रहिवासी आणि राजपुत्र एन्रिकच्या, म्हणजे आपण ज्याला प्रिन्स हेन्री म्हणतो त्याच्या, पदरी असलेला एक हुजऱ्या. मोठा सरदार नाही, नामवंत दर्यावर्दीही नाही. जन्म कधीचा, बापाचं नाव काय, मेला कधी, याची नोंद नाही. त्याच्या हातची एकही ओळ मागे उरलेली नाही. एका हकीगतीतल्या मोजक्या पानांवर हा माणूस सहाशे वर्षं टिकून आहे.

तो पहिल्याच खेपेला पलीकडे गेला का?

नाही, आणि हे आवर्जून सांगायला हवं. १४३३ मध्ये हेन्रीने त्याला धाडलं. तो कॅनरी बेटांपर्यंत गेला, तिथे काही माणसं पकडली आणि परत आला. आधीच्यांनी जी भीती घेतली तीच त्यानेही घेतली, असं झुरारा सरळ लिहितो.

पुढच्या वर्षी हेन्रीने पुन्हा त्याच बोटीची तयारी केली आणि त्याला बाजूला बोलावून समजावलं. त्या बोलण्याचा आशय असा: तिथे कितीही मोठं संकट असलं तरी त्याहून मोठं बक्षीस तुला मिळेल. आणि तुम्ही कुणाचं ऐकता? फ्लँडर्सच्या आणि तसल्याच रुळलेल्या मार्गांवर ये-जा करणाऱ्या चार खलाशांचं, ज्यांना होकायंत्र आणि सागरी नकाशा कशाशी खातात हे ठाऊक नाही!

जमिनीवर बसून हे बोलणं सोपं होतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण हेन्रीने एक गोष्ट केली जी पुष्कळ धनी करत नाहीत. हात हलवत परत आलेल्यांना त्याने हाकलून दिलं नाही. बारा वर्षं माणसं परतत होती, तो त्यांचं ऐकून घेत होता, आणि पुन्हा बोट देत होता. इआनिशलाही दुसरी संधी मिळाली ती यामुळेच.

१४३४ मध्ये नेमकं काय घडलं?

वाचणाऱ्याची निराशा व्हावी इतकं साधं. इआनिश निघाला, भूशिराच्या पलीकडे गेला, आणि समुद्र तसाच होता. पाणी उकळत नव्हतं. हवा माणसाला सोसण्यासारखी होती. त्याने होडी खाली सोडली आणि किनाऱ्यावर उतरला. माणूस दिसला नाही, वस्तीची खूणही नाही.

आता परत जाऊन सांगायचं काय? रिकाम्या हाताने आलेल्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून त्याने तिथे उगवलेली काही रोपटी उपटून घेतली. पोर्तुगालमध्ये त्या रोपट्यांना ‘सांता मारियाची गुलाबफुलं’ म्हणत. ती त्याने हेन्रीपुढे नेऊन ठेवली.

सोनं नाही, मसाले नाहीत, कुणाचं राज्य नाही. एवढ्या वर्षांच्या धडपडीचा पुरावा म्हणून मूठभर रानरोपटी. मला हा प्रसंग फार भिडतो. खलाशांच्या त्या यादीत ‘हिरवं गवतसुद्धा नाही’ असं एक कलम होतं, ते आठवा. त्या कलमाला याहून चोख उत्तर दुसरं कुठलं असतं?

कॅराव्हेलमधून गेला होता ना तो?

असं चित्रांत दाखवतात, पण नाही. इआनिशचं वाहन होतं ‘बार्का’. एक डोलकाठी, एक मोठं चौकोनी शीड, छोटीशी बोट. मच्छीमारी आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मालवाहतूक करायला वापरत तसली. पुढच्या वर्षी ‘बारिनेल’ नावाची, वल्ही असलेली जरा मोठी बोट वापरात आली.

कॅराव्हेल या मोहिमांत आली १४४० नंतरच्या काळात. तिचं शीड त्रिकोणी असे. तिरक्या परभाणावर, म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठीवर, बांधलेलं असं शीड हवं तसं फिरवता येतं, त्यामुळे नागमोडी वळणं घेत वाऱ्यावर चढत जाता येतं. कोकणातल्या जुन्या गलबतांची शिडंही त्याच जातीची, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकाला हे चटकन समजेल.

परत कसा आला मग? वारा तर विरुद्ध होता.

त्या खेपेचा परतीचा मार्ग कुणी लिहून ठेवलेला नाही. पण मडेरा बेटांवर पोर्तुगीज १४२० च्या सुमारासच पोचले होते, आणि अझोर्स बेटंही इआनिशच्या आधी काही वर्षं सापडली होती. तिथून आणि कॅनरी बेटांकडून घरी येता येता त्यांच्या हाती एक युक्ती लागत गेली. पोर्तुगीजात तिला ‘व्होल्टा दु मार’ म्हणतात, समुद्रातला वळसा.

युक्ती अशी, की परतायचं असेल तर घराकडे तोंड करायचंच नाही. किनारा सोडायचा आणि वारा उजव्या कुशीवर घेऊन वायव्येला, भर समुद्रात जायचं. घरापासून लांब लांब. बऱ्याच वर गेल्यावर, अझोर्स बेटांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून वाहणारे वारे भेटतात. मग त्यांच्यावर स्वार होऊन पूर्वेला पोर्तुगाल गाठायचं.

आज नकाशावर बोट फिरवून हे सांगता येतं. पण ज्याने आयुष्यभर जमीन नजरेआड होऊ दिली नाही, त्या माणसाने पाणी संपत आलेलं असताना घराकडे पाठ फिरवायची म्हणजे काय, याचा विचार करून बघा. माझ्या मते खरी हिंमत तिथे लागली. पुढे हाच वळसा दक्षिण अटलांटिकात उलटा घालून गामा आफ्रिकेच्या टोकाकडे गेला.

हेन्री स्वतः कधी गेला का? आणि पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकाला, साग्रेशला, त्याची नौकानयन शाळा होती म्हणतात, ती?

हेन्री, जन्म १३९४, मृत्यू १४६०. हा गृहस्थ मोरोक्कोच्या पलीकडे कधी गेलाच नाही. ‘नॅव्हिगेटर’ ही पदवी त्याला फार नंतरच्या लेखकांनी चिकटवली. साग्रेशला रीतसर शाळा होती, वर्ग भरत, वेधशाळा होती, याला पुरावा नाही. नकाशे जाणणारी माणसं त्याच्या पदरी होती आणि पैसा होता. ख्रिस्ताच्या संघाचा, म्हणजे पोर्तुगालमधल्या एका श्रीमंत धार्मिक-लष्करी संघटनेचा, तो १४२० पासून प्रशासक होता. मोहिमांना बळ मिळालं ते मुख्यतः त्यातून.

त्याला एवढी चिकाटी कशासाठी?

१४१५ मध्ये पोर्तुगीजांनी मोरोक्कोतलं सेउता जिंकलं. हेन्री त्या लढाईत होता. सहारा ओलांडून येणाऱ्या सोन्याच्या व्यापाराची ओळख तिथे झाली. ते सोनं येतं कुठून? वाळवंटातल्या तांड्यांना टाळून समुद्रमार्गे त्याच्या उगमाशी पोचता येईल का? झुरारा हेन्रीची कारणं मोजून देतो: पलीकडे काय आहे हे जाणून घेणं, व्यापार, मुस्लिम सत्तेचा विस्तार किती आहे ते पाहणं, कुणी ख्रिस्ती राजा मित्र म्हणून मिळतो का ते शोधणं, धर्मप्रसार. आणि शेवटी त्याच्या कुंडलीतले ग्रहही तसेच होते म्हणतो! माझ्या वाचनाप्रमाणे सोनं आणि धर्मयुद्ध ही दोन कारणं भारी होती, आणि ती त्या काळच्या माणसाच्या मनात वेगवेगळ्या कप्प्यांत नव्हतीच.

बोजादोर ओलांडल्यावर पुढे काय झालं?

१४३५ मध्ये इआनिश पुन्हा गेला, सोबत अफोन्सो गोन्साल्विश बाल्दाया. भूशिरापुढे पन्नास लीग गेल्यावर वाळूत माणसांच्या आणि उंटांच्या पावलांचे ठसे दिसले. ‘तिथे कुणी नाही’ हे कलमही निकालात निघालं.

१४३६ मध्ये बाल्दाया आणखी दक्षिणेला गेला. एका लांबट खाडीला त्याने सोन्याची नदी समजून ‘रिउ दु ओउरु’ म्हटलं. नदी नव्हती ती, सोनंही नव्हतं. तिथे त्याने सतरा वर्षांच्या आसपासची दोन पोरं घोड्यावर बसवून आत धाडली. त्यांना भाले घेतलेली एकोणीस माणसं भेटली. झटापट झाली, दोन्हीकडे जखमा झाल्या. या किनाऱ्यावरच्या लोकांशी पोर्तुगीजांची पहिली गाठ पडली ती अशी. येताना बाल्दायाने सीलची कातडी भरून आणली.

मग काही वर्षं सगळं थंडावलं. १४३७ मध्ये मोरोक्कोतल्या तँजिरवरच्या स्वारीत पोर्तुगीज सपाटून हरले, हेन्रीचा धाकटा भाऊ फर्नांदो ओलीस राहिला आणि १४४३ मध्ये कैदेतच वारला.

गुलामांचा व्यापार याच मोहिमांतून सुरू झाला, हे खरं का?

हो. हे टाळून बोजादोरची गोष्ट सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

१४४१ मध्ये आंतांव गोन्साल्विश आणि नुनु त्रिश्तांव यांनी या किनाऱ्यावरून माणसं पकडून नेली. १४४४ मध्ये लागुशहून लान्सारोतेच्या नेतृत्वाखाली सहा बोटी निघाल्या आणि आजच्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यावरच्या आर्गिनच्या परिसरातून २३५ स्त्री-पुरुष-मुलं धरून आणली. ८ ऑगस्ट १४४४ रोजी लागुशच्या वेशीबाहेरच्या मैदानात त्यांची वाटणी झाली. झुराराने ते वर्णन करून ठेवलं आहे. बाप एका गटात, मुलगा दुसऱ्या गटात. आया पोरांना छातीशी धरून जमिनीवर पालथ्या पडत, अंगावर फटके झेलत, पण मूल सोडत नसत. हेन्रीची स्तुती गाणारा हा माणूससुद्धा ते पाहून रडू आल्याचं कबूल करतो. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. पाचवा हिस्सा म्हणून त्याच्या वाट्याला शेहेचाळीस माणसं आली.

त्या सहा बोटींपैकी एकीचा कप्तान होता जिल इआनिश. ज्याने दहा वर्षांपूर्वी रानरोपटी आणली होती, तोच. हे वाचल्यावर मी कितीतरी दिवस या माणसावर काही लिहू शकलो नव्हतो. २००९ मध्ये लागुशला वाहनतळाचं खोदकाम चालू असताना दीडशेहून अधिक आफ्रिकी माणसांचे सांगाडे सापडले. जुन्या कचऱ्याच्या जागेत टाकलेले. काहींचे हात बांधल्यासारखे होते.

झुराराच्या हकीगतीवर किती विश्वास ठेवायचा?

तपशिलांवर बराच, कौतुकावर कमी. त्याने हे लिहून पुरं केलं १४५३ च्या सुमारास, म्हणजे इआनिशच्या खेपेनंतर जवळजवळ वीस वर्षांनी, आणि तेही हेन्री हयात असताना. आपल्याकडच्या बखरी वाचायची सवय असलेल्याला हे जड जाऊ नये. धन्याचा मोठेपणा वजा करायचा, उरलेलं नीट तपासायचं. खलाशी भित्रे आणि राजपुत्र द्रष्टा, ही मांडणी मला अशीच वजा करावीशी वाटते.

इआनिशने ओलांडलं ते खरंच हेच भूशिर का?

काही इतिहासकारांना शंका आहे. आजचं बोजादोर समुद्रातून पाहिलं तर फारसं नजरेत भरत नाही. त्यामुळे तेव्हाचे खलाशी ज्याला बोजादोर म्हणत ते थोडं उत्तरेचं केप जुबी असावं, असं ते मांडतात. त्याच्याही आधी, अजून उत्तरेला, ‘नांव’ नावाचं एक टोक होतं. ‘नांव’ म्हणजे पोर्तुगीजात ‘नाही’. ‘नांवच्या पलीकडे जाईल तो परतेल, नाहीतर नाही’ अशी श्लेषाची म्हणच होती. म्हणजे भीतीचं टोक एकच नव्हतं, ते टप्प्याटप्प्याने दक्षिणेला सरकत गेलं. पण परतीच्या वाऱ्याचा प्रश्न जुबीलाही तोच होता, त्यामुळे नाव कुठलंही धरलं तरी गोष्ट बदलत नाही.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि तो कागदोपत्री आहे.

१४४३ मध्ये पोर्तुगालचा कारभार पाहणाऱ्या पेद्रोने, हेन्रीच्या थोरल्या भावाने, सनद दिली: हेन्रीच्या परवानगीशिवाय कुणीही बोजादोरपलीकडे जायचं नाही. १४५५ मध्ये पोप निकोलस पाचवा यांनी बोजादोर आणि नांवपासून दक्षिणेकडच्या प्रदेशांवर पोर्तुगालचा एकट्याचा हक्क मान्य केला. १४५६ मध्ये पोप कॅलिक्स्टस तिसरा यांनी या दोन भूशिरांपासून गिनीमार्गे थेट ‘इंडीजपर्यंत’ धार्मिक अधिकार ख्रिस्ताच्या संघाला दिला. गामा कालिकतला पोचण्याच्या बेचाळीस वर्षं आधी! गोवा, वसई, मुंबईच्या चर्चच्या कारभारावर पोर्तुगालच्या राजाचा जो हक्क पुढे शेकडो वर्षं चालला, ज्याला ‘पाद्रोआदो’ म्हणतात, त्याचं मूळ या कागदांत आहे.

‘आमच्या परवानगीशिवाय या समुद्रात जायचं नाही’ हा विचारही तिथलाच. हिंदी महासागरात आल्यावर पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचे परवाने काढले. गुजरातच्या आणि कोकणच्या जहाजांनाही ते घ्यावे लागत, नसले तर जहाज जप्त. ज्या समुद्रावर आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या मोकळेपणाने जात होते तिथे हा जाच सुरू झाला.

आणि एक तारीख. इआनिशने बोजादोर ओलांडलं १४३४ मध्ये. बरोब्बर शंभर वर्षांनी, १५३४ च्या डिसेंबरात, गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. ती परत मिळाली १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, पुष्कळ रक्त सांडून. आज आपण पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, बादली, घमेलं हे शब्द बोलतो, ते सगळे त्याच वाटेने आले.

तिथे आज काय आहे?

बुजदूर नावाचं मच्छीमारीचं शहर. स्पेनच्या काळातला दीपस्तंभ आहे. स्पेन १९७६ मध्ये निघून गेल्यापासून पश्चिम सहाराचा वाद चालू आहे. बुजदूर मोरोक्कोच्या ताब्यात आहे आणि सहरावी लोकांची स्वातंत्र्याची मागणी अजून सुटलेली नाही. शहराजवळ पवनचक्क्यांचा मोठा प्रकल्प उभा आहे, त्याच न फिरणाऱ्या वाऱ्यावर.

पोर्तुगालला गेलो तर यातलं काय पाहता येईल?

लिस्बनला नदीकाठी १९६० मध्ये उभारलेलं शोधयात्रांचं भव्य स्मारक आहे, त्यात जिल इआनिशचीही मूर्ती आहे. उत्तरेला व्हियाना दु काश्तेलु बंदरात ‘जिल इआनिश’ नावाचं जहाज उभं आहे. न्यूफाउंडलंडजवळ कॉड मासळी धरायला जाणाऱ्या पोर्तुगीज कोळ्यांसाठीचं ते फिरतं इस्पितळ होतं. १९५५ मध्ये बांधलेलं, आता संग्रहालय. आत शस्त्रक्रियेची खोलीसुद्धा पाहता येते.

पण एकच ठिकाण निवडायचं तर लागुश निवडा. मात्र तिकीट काढताना जपून, कारण त्याच स्पेलिंगचं नायजेरियातलं लागोस कितीतरी मोठं आहे. गावाच्या तटबंदीजवळ इआनिशचा पुतळा आहे. हेन्रीचा पुतळा बंदराजवळच्या चौकात आहे. त्याच चौकाच्या कोपऱ्यावर कमानींची एक जुनी इमारत आहे, तिला गुलामबाजार म्हणतात. आत छोटं संग्रहालय आहे. पुतळ्याचा फोटो काढून निघून जाऊ नका, आत जा.